गोठ्यातली पांढरी गाडी

माझी गाडी गोठ्यात उभी राहते. वर टिनाचं छत आहे, खाली फरशी घातली, पण गव्हाण तशीच ठेवली आणि पावसाळ्यात आजही तिथं शेणाचा वास येतो. बैलजोडी गेली तशी जागा रिकामी झाली. सौंसरला नोकरीसाठी रोजचं जाणं-येणं म्हणून मी पांढरी गाडी घेतली, तर ती दुसरीकडं उभी करायची तरी कुठं? जोडी बाबांनी स्वतःच दिली होती, रामाकोना गावच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, नांगराचं तास सरळ दिसत नव्हतं, तण काढायला डवरताना कपाशीची झाडं मोडायला लागली होती. कासरा त्यांनी आपल्या हातानं दुसऱ्याच्या हातात दिला. त्यानंतर ते फारसं बोलले नाहीत. आई म्हणायची, "रुसले. रुसू दे. वेळेवर जेवून राहिले ना, मंग झालं."

माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. बाबांना गाडीत बसवायचं, नागपूरला न्यायचं, डोळ्यांचं ऑपरेशन करून आणायचं. बसच्या गर्दीत त्यांना चढवत नव्हतं आणि गाडीत ते बसत नव्हते. मी दार उघडून उभी राहायची, ते दारापर्यंत यायचे, आत पाहायचे आणि माघारी फिरायचे. हट्टी माणूस, दुसरं काय. मीही त्यांचीच लेक, मी काही सोडणार नव्हते.

एक दिवस दारातून माघारी फिरता फिरता त्यांनी बॉनेटवरून तळवा फिरवला.

"खरखर लागते," ते म्हणाले. "खरारा नाई करत काय याले? असं जनावर कोणी दारात बांधते?"

मी हसले. आईही पदर तोंडाला लावून हसली. कितीतरी दिवसांनी बाबा आमची मस्करी करून राहिले होते आणि मला मनापासून बरं वाटलं. शिवाय बोलणं खोटं नव्हतं. आमच्या शेजारच्या संत्र्याच्या बागेत बोर्डो औषधाची फवारणी झाली की वाऱ्यानं त्याचे निळे ठिपके माझ्या गाडीवर येऊन बसायचे, वाळून घट्ट व्हायचे. ते मी जुन्या ओढणीनं खसाखसा पुसायची आणि उन्हात पाहिलं तर साऱ्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा. मी म्हटलं, ठीक आहे, खरारा म्हणता ना, खराराच करून दाखवते. मग पाहू कसे बसत नाहीत.

माणसानं पॉलिशची एक बाटली घ्यायला जावं, तर नागपूरच्या त्या दुकानात भिंतभर बाटल्या. दुकानदार एकेक खाली काढत होता आणि बोलत होता. मला त्यातून कळलं ते इतकंच, की कंपाउंड रंगाचा वरचा थर घासून काढतं, पॉलिश त्या घासण्याच्या खुणा मिटवतं, आणि मेण किंवा सीलंट हे वरचं झाकण. कंपाउंडच्या बाटलीवर त्याचा फार जीव होता. मी म्हटलं, भाऊ, रेघा बारीक आहेत, गाडीची कातडी सोलायची नाही मला. ती बाटली त्यानं नाराजीनं वर ठेवली. मग त्यानं जड मशीन काढलं, गरगर एकाच जागी फिरणारं. ते कडेवर जरा थांबलं की रंग जाळतं, हे मी मोबाइलवर पाहून आले होते. मी हलकं मशीन घेतलं, फिरता फिरता डुलणारं, नवशिक्याच्या हातून नुकसान न करणारं.

"मॅडम, एकदा सिरॅमिक कोटिंग मारून घ्या, मंग सालोसाल पाह्याचं काम नाई," तो म्हणाला.

"ऑपरेशन डोळ्याचं करायचं आहे, गाडीचं नाही," मी म्हटलं. त्याला काही कळलं नाही आणि मी समजावलं नाही. मेण नको म्हटलं, कारण आमच्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात मेण काही टिकत नाही. सीलंट घेतलं. नरम फोमचे पॅड, मायक्रोफायबरची कापडं, गाडीचा शाम्पू आणि ठिपके उचलणारी एक चिकट वडी, हाताला कणकेसारखी लागणारी. हे सगळं मी पिशवीत घालून सणाचा बाजार आणावा तसं घरी आणलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी सुट्टी काढली. सकाळी गाडी धुतली, ओल्या रंगावरून ती वडी फिरवली. निळे ठिपके वडीला येत गेले, हाताखालची खरखर जात गेली. मग मशीन. बाबा ओट्यावर बसून आवाजाकडं तोंड करून ऐकत होते. दुपारपर्यंत गाडी अशी निघाली की तिच्यात टिनाच्या पन्हाळ्या मोजता याव्यात. शेवटी सीलंटचा पातळ हात दिला. त्याला रात्रभर काही लागू द्यायचं नसतं.

"बाबा, आज हिला हात लावू नका. तेल नाही, पाणी नाही. उद्या तुमाले हिच्यात बसून फिरून यायचं हाय."

"उद्या पोळा हाय," बाबा म्हणाले.

"हो ना. म्हणूनच."

त्यांनी मान डोलावली. मी जुनी स्कूटी घेऊन सौंसरच्या बाजाराला गेले, पुरणाची डाळ आणि गूळ घेऊन दिवे लागल्यावर परत आले. गोठ्यातला बल्ब गेला होता. मी तशीच घरात गेले.

सकाळी गोठ्यात पाय टाकला. बॉनेटच्या दोन्ही कडा पिवळ्या. हळद आणि तूप, जाड थर, त्यात पळसाच्या पानाचे तुकडे चिकटलेले, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात तसं. दारांवर गेरूचे पंजे. दोन्ही बाजूचे आरसे, मागून पुढून, लाल ऑइलपेंटनं रंगवलेले, काचा तेवढ्या सुटलेल्या. गव्हाणीच्या कोनाड्यात शिंगं रंगवायचा जुना डबा पडला होता, तो उघडा. आणि समोरच्या जाळीतून नवा कासरा ओवून गव्हाणीच्या खुंट्याला बांधलेला. मी ओरडले.

"आई, इकडं ये. पाह्य हे. पाह्य काय करून ठेवलं."

आई पिठाचे हात घेऊन आली आणि दारातच थांबली.

"मीच तूप गरम करून देल्लं," ती हळू म्हणाली. "संध्याकाळी ते इथं येऊन बसले. खांदे शेकाचे हायेत म्हणे. बैलायले देतेत तसं आवतनही देल्लं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. मले वाटलं, आठवण येऊन राहिली असंन. गव्हाणीलेच लावत असतीन, म्हटलं, थोडं."

मी कापड घेऊन आरसा घासायला लागले, रंग रात्रीतून वाळला होता, काही निघेना. मी मनात म्हटलं, हट्टालाही काही हद्द असते. माझ्यावर रुसावं, गाडीवर सूड कायले? तेवढ्यात बाबा आले. आंघोळ झालेली, धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. हाताचे तळवे पिवळे. ते माझ्या बाजूनं गेले, गाडीच्याही बाजूनं गेले आणि गोठ्याच्या पार कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले.

"बैल कोणं सोडले?" त्यांनी विचारलं.

मी आरसा घासायची थांबले.

"रात्री मी दोघायचे खांदे शेकले. शिंगं रंगवले. पोळ्याच्या सकायी कोणं सोडले?"

"बाबा, जोडी तं तुमीच देल्ली ना. रामाकोन्याले."

बाबा हसले. लहान पोरीच्या बोलण्याला हसावं तसे.

"मी? मी कायले देईन वं?"

आई ओट्यावर बसली. मी तिच्याकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं पाहिलं. म्हणजे ते रुसलेच नव्हते. जोडी दिल्याचं त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं, आणि आम्ही दोघी त्यांच्या खरखरीच्या बोलण्यावर हसत होतो. मला तेव्हा रडू आलं नाही. मला भीती वाटली.

"सणाचे बैल दुसऱ्याच्या दारी राहते काय? चाल, पाहू," बाबा म्हणाले. त्यांनी चाचपत गाडीचं दार शोधलं, स्वतःच्या हातानं उघडलं आणि समोरच्या सीटवर बसले. ज्या बसण्यासाठी मी एवढा खटाटोप केला होता, ते बसणं असं झालं.

मी कासरा सोडला आणि गाडी काढली. लाल आरसे आणि पिवळं बॉनेट पाहून रस्त्यावरची माणसं हसत होती, एकानं तर हात जोडले. बाबा खिडकीतून तोंड बाहेर काढून बसले होते. रामाकोन्याला त्या शेतकऱ्याच्या अंगणात दोन्ही बैल सजवून उभे होते, अंगावर झूल, गळ्यात घागरमाळा. मी बाबांना हात धरून जवळ नेलं. मला वाटत होतं, आता ओळखतील, आता सगळं जागेवर येईल. डाव्या बैलानं मान खाली घातली, बाबांचा हात हुंगला आणि तळव्यावरची हळद चाटायला लागला. बाबांनी त्याच्या मानेवरून, खांद्यावरून, पाठीवरून सावकाश हात फिरवला.

"जोडी चांगली हाय," ते त्या शेतकऱ्याला म्हणाले. "कोणाची व्हय?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. इतके दिवस मी समजत होते, डोळ्यांचं ऑपरेशन झालं की बाबांना सगळं दिसेल.

बाबा वळले, माझा हात सोडून गाडीपर्यंत गेले आणि आत जाऊन बसले.

"माह्ये नाईत हे," ते म्हणाले. "समोर चाल, बाई. उशीर होऊन राहिला. त्याईले जेवाले बलावलं हाय मी."