दोन जणांची होडी

माझ्या थोरल्या बहिणीला घरीदारी सगळेच ताई म्हणतात; तिच्याहून वयाने मोठे असलेले डॉक्टरसुद्धा. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या गळ्याखाली कागदी रुमाल अडकवायचा, तोंडात साचणारे पाणी ओढणारी नळी धरायची आणि यंत्राची घरघर सुरू झाली की त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीबाही बोलत राहायचे, हे तिचे काम. समोरचा उत्तर देऊ शकत नाही, हे तिथे गृहीतच असते. घरी आल्यावरही तिची परिस्थिती फारशी बदलत नाही, कारण घरी भाऊजी असतात.

भाऊजी वजनमापे खात्यातून निवृत्त झाले आणि उरलेले जग तपासायला मोकळे झाले. त्यांना निवृत्त करून सरकारने आमच्या कुटुंबावर मोठा अन्याय केला, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु अशा अन्यायाची दाद मागण्याची सोय कोणत्याही कायद्यात नाही.

त्यांना एकच मुलगा. त्याने काही वर्षांपूर्वी कॉलेज अर्ध्यावर सोडले आणि आपल्याला समुद्रावर काम करायचे आहे असे जेवताना जाहीर केले. "ज्याला या घरात राहायचंय, त्याने या घराचं ऐकायचं," एवढेच भाऊजी म्हणाले. तो बॅग घेऊन निघून गेला आणि त्याच संध्याकाळी परतही आला. त्याने बेल वाजवली. भाऊजींनी बजावले, "कुणीही उठायचं नाही." ताई आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. ती उठली नाही. बेल बराच वेळ वाजत राहिली, मग थांबली. त्यानंतर भाच्याने कोणाचाही फोन उचलला नाही. घरात त्याचा विषय निघालाच, तर भाऊजी टीव्हीचा आवाज वाढवतात.

ताईला त्याच्याकडून काही नको होते. परत ये, असेही तिला म्हणायचे नव्हते. बेल आपल्याला ऐकू येत होती, एवढेच तिला त्याला सांगायचे होते.

"त्याला वाटत असेल, आई घरात नव्हती. नाहीतर झोपली असेल. तसं वाटत असेल तर ते खोटं आहे रे."

"असू दे की खोटं. तेवढं एक तरी चांगलं वाटत असेल त्याला," मी म्हणालो.

"तुला नाही कळायचं. तुझ्या दारावर बेल वाजवायला आहे कोण?"

मी अविवाहित आहे. आमच्या घराण्यात कोणताही युक्तिवाद संपवायचा झाला की ही बाब पुढे केली जाते.

परदेशात सुटी घालवून आलेली एक बाई दाढ भरून घेण्यासाठी दवाखान्यात आली होती. भूल उतरेपर्यंत बसायचे म्हणून ती ताईला मोबाइलवर फोटो दाखवू लागली. एका फोटोत तिच्या मुलीच्या लाइफ जॅकेटचा पट्टा एक तरुण आवळत होता. तो आमचा भाचा होता. उन्हाने रापलेला, दाढी वाढवलेला. पण जीभ किंचित बाहेर काढून पट्टा आवळत होता, आणि तशी जीभ तो लहानपणी बुटाची नाडी बांधताना काढायचा. ताईने त्या बाईला किनाऱ्याचे नाव विचारले. बाईचा ओठ अजून बधिर होता. तिने ते टाइप करून दाखवले.

आता भाऊजींना तिकडे नेणे आले. शेजारचे जोडपे दोनदा परदेशी जाऊन आल्यामुळे ते परदेशवारीला तत्त्वतः तयार होते. अडचण किनाऱ्याची होती. त्यांना चिकटणारी वाळू चालत नाही, मोठ्याने संगीत चालत नाही, कमी कपड्यांतली माणसे चालत नाहीत, आणि पाठ टेकायला बाक व हाकेच्या अंतरावर स्वच्छतागृह असलेच पाहिजे.

"म्हणजे तुम्हाला समुद्र नसलेला समुद्रकिनारा हवाय, काका," ट्रॅव्हल एजन्सीतली मुलगी म्हणाली. तिच्या टेबलावर प्लास्टिकचे नारळाचे झाड होते आणि त्यावर धूळ होती. "हा बघा, एकदम शांत. लाटाच नाहीत."

"लाटा नाहीत तर पैसे कशाचे घेता?"

"बरं, मग हा? इथे सूर्यास्त फार प्रसिद्ध आहे."

"सूर्य आमच्याकडेही मावळतो. मेहुणे, तुम्ही का गप्प? एरवी बसच्या तिकिटावरूनही तक्रारअर्ज लिहिता."

मी गप्प होतो, कारण ताईने मला तशी तंबी दिली होती. तिने माहितीपत्रकातल्या एका चित्रावर बोट ठेवले आणि ती म्हणाली, "कुठेही न्या. फक्त हा एवढा नको. इथे भलताच वारा दिसतोय."

भाऊजींनी चष्मा वर केला. "वाऱ्याला काय झालं? वारा चांगला असतो. बाक आहेत?"

"भरपूर आहेत," मुलगी म्हणाली.

"मग हाच."

इतक्या वर्षांच्या संसारात ताईला जे हवे ते मिळवण्याचा हा एकमेव राजमार्ग उरला आहे. यास कोणी चातुर्य म्हणेल. मी याला अपमान म्हणतो.

किनारा ठरला, तेव्हा मुलीने त्या किनाऱ्यावर पाण्यात काय काय करता येते त्याची चित्रे समोर मांडली. भाऊजी बाकावर बसणार, हे त्यांनी आधीच सांगून टाकले होते. त्यामुळे प्रश्न केवळ ताईचा होता, आणि ताई पाण्याला घाबरते. गुडघ्याच्या वर पाण्यात ती आयुष्यात उतरलेली नाही.

"काकू, हे करा ना. पाण्याखालचे मासे बघायचे. तोंडात फक्त एक नळी धरायची."

"तोंडात नळी? मग बोलायचं कसं?"

"समुद्रात कोणाशी बोलायचंय तुम्हाला?"

ताईने पुढचे चित्र ओढले. "आणि हे?"

"ही लांब रबरी होडी. दहा जण एकदम बसतात. सगळे नुसते ओरडत असतात. मजा येते."

"नको. दुसरं."

"हे पॅराशूट. वर एकट्यानेच जायचं."

"एकट्याने नको ग."

"मग ही कयाक घ्या. दोन जणांची होडी, नवशिक्यांसाठी. तुम्ही आणि शिकवणारा, बस्स. तासभर आत नेऊन आणतो."

"दुसरं कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

"मग हीच," ताई म्हणाली, आणि दवाखान्यातल्या बाईकडून मागून घेतलेला फोटो दाखवून, हाच शिकवणारा हवा असे तिने मुलीकडून लिहून घेतले. मुलगी डोळे मिचकावून म्हणाली, "काकूंची आवड भारी आहे हं!" भाऊजी त्या वेळी बाहेर आमच्या चपला जागच्या जागी आहेत की नाहीत हे पाहत होते.

त्या होडीत गिऱ्हाईक पुढे बसते आणि शिकवणारा पाठीमागे, ही एक गोष्ट तिला कोणी सांगितली नाही. त्या संपूर्ण रंगीत माहितीपत्रकातही ती कोठे छापलेली नव्हती. मी नंतर ते दोनदा वाचून काढले.

किनारा अगदी चित्रातल्यासारखा होता. तेवढी एक फसवणूक मात्र झाली नाही. भाऊजींनी तीन बाक बदलले आणि समुद्राकडे पाठ असलेला चौथा पसंत केला, कारण तिथे सावली होती. ताई आणि मी पाण्याकाठच्या टपरीपाशी गेलो. आरक्षण एजन्सीच्या नावावर होते, त्यामुळे कोण येणार हे भाच्याला माहीत असण्याचे कारण नव्हते. तो लाइफ जॅकेट घेऊन बाहेर आला आणि थबकला.

ताईने मनाशी काय काय जुळवले असेल ते तिलाच ठाऊक. प्रत्यक्षात तिने दोन्ही हात बाजूला पसरले, लहान मुलाला सदरा घालताना ते पसरते तसे, आणि ती उभी राहिली. त्याने जॅकेट तिच्या अंगात चढवले. एकेक पट्टा आवळला. जीभ बाहेर आली नाही. ओठ घट्ट मिटलेले होते. मग तो इंग्रजीत बोलू लागला: वल्हे असे धरायचे, होडी हलली तर उठायचे नाही, मागे वळायचे नाही, वळलात तर तोल जातो.

"सोन्या," ताई म्हणाली.

"पुढे बसा," तो मराठीत म्हणाला. 'बसा' म्हणाला. स्वतःच्या आईला.

ती बसली. त्याने मागून होडी पाण्यात ढकलली, गुडघाभर पाण्यापर्यंत नेली, आणि तिथे उभ्या असलेल्या दुसऱ्या शिकवणाऱ्याला मानेने खूण केली. दुसरा अलगद मागच्या जागेवर चढला. हे सारे माझ्या डोळ्यांदेखत झाले. मी ओरडलो असतो, तर ती मागे वळली असती. आणि तिला पोहता येत नाही. होडी निघाली. वाऱ्यावर ताईचा आवाज तुटक तुटक येत होता. तिने बोलायला सुरुवात केली होती.

भाचा ओल्या पायांनी माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"मामा, केस गेले की हो तुमचे."

"तू जायला हवं होतंस."

"नाही जमणार."

"तासाभराचा प्रश्न होता रे. पैसे भरलेत आम्ही. गिऱ्हाईक म्हणून तरी!"

"गिऱ्हाईक म्हणूनच जॅकेट घातलं ना."

"तुझा राग बापावर आहे. आई कधी वाईट वागली तुझ्याशी?"

तो हसला. मला ते हसू मुळीच आवडले नाही. "आई चांगलीच आहे, मामा. तेव्हाही चांगलीच होती. आतल्या खोलीत. घड्या घालत होती ना? मला खिडकीतून दिसत होती."

जी एक गोष्ट सांगण्यासाठी ताई, पाण्याला घाबरणारी माझी बहीण, त्या प्लास्टिकच्या नळकांड्यात बसून आत गेली होती, ती त्याला पहिल्यापासून माहीत होती.

"माफी मागायला आलीय ती," मी अखेर म्हणालो.

"माहितीय. म्हणूनच नको. मागितली की मला द्यावी लागेल." त्याने टपरीच्या खुंटीवरची पिशवी खांद्याला अडकवली. "आज माझं काम संपलं. जपून न्या तिला." आणि तो बाकांच्या विरुद्ध बाजूने वर रस्त्याकडे निघून गेला. मी त्याच्या मागे धावलो नाही. माझे गुडघे धावण्यायोग्य नाहीत आणि पकडून आणल्याने कोणी ऐकणारा होत नाही.

होडी परत आली तेव्हा ताईचा चेहरा मला दुरूनच दिसला. तिचे वय दहा वर्षांनी उतरले होते. उथळ पाण्यात मागचा माणूस खाली उतरला, पुढे आला आणि त्याने तिला हात दिला. तिने हात धरला, मग वर पाहिले. त्याच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, टपरीकडे पाहिले. हात मात्र तसाच धरून ठेवला.

"अगदी पहिल्यापासून?" तिने मला विचारले.

"हो."

तो दुसरा माणूस स्वभावाने बरा असावा. मोडक्या इंग्रजीत तो मला म्हणाला, तुमच्या बहिणीने सबंध वेळ प्रार्थना केली, फार सुंदर आवाज आहे.

"उद्या पुन्हा येऊ," मी म्हणालो. "अजून दिवस आहेत आपल्याकडे. मी त्याला गाठतो."

"नको रे. सगळं बोलून झालं माझं. शेवटी मीच म्हणाले त्याला, सोन्या, काही बोलू नकोस, नुसतं दोनदा वल्हं आपट. त्याने आपटलं."

भाऊजी बाकावरून उठून हळूहळू खाली येत होते. "काय, भिजलीस का?" त्यांनी दुरूनच विचारले. "मी म्हटलं नव्हतं, किनारा उत्तम आहे म्हणून?"

टपरीतला पोरगेला कारकून बाहेर येऊन जॅकेट मागू लागला. पुढचे गिऱ्हाईक खोळंबले होते. ताईने स्वतःच एकेक पट्टा सोडवला, मला हात लावू दिला नाही, आणि जॅकेट त्याच्या हाती दिले. पुढच्या गिऱ्हाइकाने ते ओलेच अंगात चढवले.