दीड बोट माया

माझ्या आत्याला चारचौघांत न्यायचं म्हणजे जिवाला घोर. कुणी नवा कपडा घालून समोर आलं, की ही "वा, शोभतोय हो" म्हणत जवळ सरकते आणि बोलता बोलता त्याच्या बाहीची कड उलटी करून आतली शिवण बघते. माझ्या सासऱ्यांना पहिल्यांदा भेटली, तेव्हा तिने त्यांच्या कोटाचं अस्तर तपासलं होतं. सासऱ्यांना गुदगुल्या झाल्या आणि ते हसत सुटले, म्हणून निभावलं. नाहीतर माझं लग्न तिथेच मोडलं असतं.

आत्याचं कपडे आल्टर करायचं दुकान आहे. दुकान म्हणायचं ते आपलं मानानं. एका जुन्या व्यापारी इमारतीत जिन्याखाली एक मशीन, एक इस्त्री, एक स्टूल आणि भिंतभर दोऱ्यांची रिळं बसतील एवढी जागा. गिऱ्हाइकाने बाहेर उभं राहायचं. पँट दोन इंच आखूड करा, कंबर सैल करा, चेन बदला. गिऱ्हाईक टाचण्या लावून कपडा देतं, आत्या टाचणीबरहुकूम शिवते. चाळीस वर्षं तिने हेच केलं आणि एकाही गिऱ्हाइकाने कधी कपडा परत आणला नाही, हे ती न विचारताच सांगते.

आता माझी कबुली. मी एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत दर आठवड्याला सदर लिहिते. आपल्या शहरात नव्याने कपडे, पिशव्या, दागिने घडवणारी जी मुलंमुली आहेत, ज्यांचं अजून दुकान नाही, पाटी नाही, त्यांच्याबद्दल. वाचक विचारतात, ही माणसं तुम्हाला सापडतात कुठे? मी लिहिते, शहर पालथं घालते हो, पायांचे तुकडे पडतात. साफ खोटं. मी जिन्याखाली जाऊन चहा पिते, बस्स.

कारण ज्याने कुणी या शहरात काही नवं शिवलं, त्याचा कपडा आज ना उद्या आत्याच्या मशीनखाली येतोच. आणि ती तो आधी उलटा करते. आत किती माया सोडलीय ते बघते. माया म्हणजे शिवणीच्या आत ठेवलेलं जास्तीचं कापड. अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. कारखान्यातल्या कपड्याला माया नसते. आत्याच्या मते माणसाची सगळी पारख तिथेच होते.

"या पोराने दोन बोटं माया ठेवलीय," ती मला फोनवर सांगते. "लिही याच्यावर."

तिला नावं लक्षात राहत नाहीत. प्रत्येक कपड्यात गुप्त खिसा ठेवणारा एक तरुण आहे, तो 'चोरकप्पा'. जुन्या बटणांची कानातली करणारी मुलगी म्हणजे 'बटणबाई'. एकाला ती 'बिनमायेचा' म्हणते, आणि त्याच्यावर लिहायला मला सक्त मनाई आहे. मी एकदा चोरून लिहिलं. दोन महिन्यांत त्याची जाकिटं काखेत उसवली. आत्या नुसती माझ्याकडे बघून चहा ढवळत राहिली. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

तर अशी ही बाई चुकली. आणि चुकली तीही चांगुलपणाने.

झालं असं की एका शाळेतल्या बाई तिच्याकडे एका होतकरू मुलीने शिवलेलं जाकीट घेऊन आल्या. बाह्या जरा आखूड हव्या होत्या. जाकीट जाड, गडद निळ्या हातमागाचं. आत्याने उलटं केलं आणि खूश झाली. बारीक टाके, सगळीकडे भरपूर माया. मग सुलटं करून टेबलावर पसरलं आणि तिने कपाळाला हात लावला. उजवा खांदा डाव्यापेक्षा दीड बोट वर! एवढी गुणी मुलगी आणि कापताना अशी घसरली! ही चूक चारचौघांत दिसली तर बिचारीचं नाव खराब होईल. म्हणून आत्याने कुणाला न सांगता, एक पैसा न घेता, उजवा खांदा उसवला, डाव्याच्या बरोबरीला आणला, आणि कापड जाड असल्याने आत फुगवटा येऊ नये म्हणून वरचं जास्तीचं कापून टाकलं. एरवी ती कात्रीला माया कधी दाखवत नाही. त्या दिवशी दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे चहा पीत असतानाच ते जाकीट शिवणारी मुलगी, म्हणजे 'जाकीटवाली', आली. जेमतेम पंचविशीची, खांद्यावर मापाची टेप, हातात तेच जाकीट, डोळे लाल.

"हा खांदा तुम्ही केलात?"

"केला की," आत्या प्रसन्नपणे म्हणाली. "आभार नकोत. होतं असं नव्या माणसाचं."

"अहो, तो मुद्दाम तसा होता!"

मग तिने जे सांगितलं ते ऐकून आत्याचा चेहरा उतरत गेला. त्या बाई तीस वर्षं वह्यांची पिशवी डाव्या खांद्यावर घेऊन शाळेत जातायत. त्यांचा डावा खांदा दीड बोट खाली आलाय. कुठलाही कपडा त्यांच्या अंगावर एका बाजूला घसरतो, म्हणून त्या दिवसभर गळा ओढत असतात. जाकीटवालीने त्यांच्या खांद्यांप्रमाणेच जाकीट बेतलं होतं. आज सकाळी बाईंनी ते घातलं आणि ते घसरलं. दुपारी चार वाजता तिचं पहिलं प्रदर्शन होतं. गणवेशाच्या कारखान्यातून रजा काढून तिने ही खटपट मांडली होती. बाई परीक्षेच्या कामावरून थेट तिथे येणार आणि ते जाकीट घालून उभ्या राहणार. दोन दुकानदार खास तेच बघायला येणार होते. ते बसलं तर काम पुढे चालू, नाही बसलं तर सोमवारपासून पुन्हा कारखाना.

"उसवा आत्ताच्या आत्ता," ती म्हणाली. "आत माया आहे."

आत्याने हातातली कात्री खाली ठेवली. मीही चहाचा कप खाली ठेवला.

"आत्या, तुम्ही माया कापलीत?" जाकीटवालीने विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा मी आत्याची बोबडी वळलेली बघितली. "मी कपडाच बघते गं," ती कशीबशी म्हणाली. "अंगावर कसा बसतो ते मला कुणी दाखवतच नाही."

पण घाबरून हातपाय गाळणाऱ्यांतली ती नव्हे. आमच्या आत्याचा एक नियम आहे: कापलेलं कापड गिऱ्हाइकाचं, ते ती त्याच्याच खिशात घालून देते. जाकिटाच्या खिशात हात घातला तर खांद्याच्या पुढची आणि मागची, दोन्ही कापलेल्या पट्ट्या जागच्या जागी. आता प्रश्न असा, की नेहमीसारख्या जोडायच्या तर शिवणीतच अर्धं बोट खपणार आणि खांदा तेवढा कमी पडणार.

"कडेला कड भिडवू," जाकीटवाली म्हणाली. "खालून अस्तराची पट्टी देऊ आणि वरून हाताने टाके."

"दिसतील की!"

"दिसू देत."

दिसणारा टाका म्हणजे आत्याच्या लेखी भर रस्त्यात पाय घसरून पडणं. पण चूक तिची होती. ती मुकाट्याने सुईत दोरा ओवायला बसली. वरची बाजू आत्याकडे, आतलं अस्तर जाकीटवालीकडे. दोघी एकमेकींच्या टाक्यांना नावं ठेवत होत्या आणि हात मात्र भराभर चालत होते. मला फक्त दोरा तोडून द्यायचं काम होतं, तेही मी लांबीला चुकवलं म्हणून दोघींनी एका सुरात ओरडून घेतलं.

अडीचला खांदा तयार झाला. पण अंगावर घालून बघायचं कुणाच्या? बाई परीक्षेच्या वर्गात अडकलेल्या. जाकीटवालीने मला घालून बघितलं. सरळ खांद्यांवर ते सपशेल वाकडं दिसलं. मग तिची नजर आत्यावर गेली आणि तिथेच थांबली.

"आत्या, तुम्ही घाला बरं."

"मी कशाला? मला नाही असलं काही शोभत."

तिने ऐकलं नाही. जिन्याखाली आरसा नाही, कारण तिथे कुणी कपडा घालून बघतच नाही. म्हणून आम्ही आत्याला ओढत समोरच्या चष्म्याच्या दुकानात नेलं. चष्मेवाले काका काउंटरमागून उठून बाहेर आले.

जाकीट आत्याच्या अंगावर ओळंब्यात बसलं होतं. कुठे सुरकुती नाही, कुठे ओढ नाही. डावा खांदा, उजवा खांदा, गळा, सगळं जागच्या जागी. "तुमच्यासाठीच शिवलंय वाटतं," काका म्हणाले.

आत्या आरशात बघत राहिली. डाव्या हाताने कापड सरकवत, डाव्या अंगाला कलून, ती चाळीस वर्षं त्या मशीनवर बसलीय. मी दर आठवड्याला तिथे बसून चहा पिते. मी तिच्यामुळे शहरभरच्या माणसांवर लिहिते. मला तिचा खाली उतरलेला डावा खांदा कधी दिसला नव्हता. मला मनापासून लाज वाटली.

"म्हणजे मी वाकडी?" आत्याने विचारलं.

"तुम्ही नाही हो," जाकीटवाली म्हणाली. "आजवरचे तुमचे कपडे."

चारला आम्ही धापा टाकत प्रदर्शनात पोचलो. बाई आल्या, त्यांनी जाकीट घातलं आणि गळा ओढायला सवयीने हात वर नेला. ओढायला काही नव्हतं. तो हात तसाच हवेत राहिला आणि बाई हसल्या. दोन्ही दुकानदार जवळ आले. एकाने खांद्यावरच्या टाक्यांवरून बोट फिरवत विचारलं, "ही नक्षी कुणाची?" आत्या माझ्यामागे लपली.

गर्दी जरा ओसरल्यावर जाकीटवाली टेप घेऊन आली. "चला आत्या, उभ्या राहा. तुमचं माप घेते."

आत्या भिंतीशी ताठ उभी राहिली, श्वास रोखून. लहानपणी तिने तिघी थोरल्या बहिणींचे कपडे वापरले. पुढे गिऱ्हाइकं जे न्यायला विसरली, तेच आखूड-लांब करून अंगाला लावलं. जाकीटवालीने खांद्यावर टेप ठेवली तशी ती दचकली.

"हात कुठे ठेवायचे असतात गं?" तिने मला हळूच विचारलं.