माळावरच्या बिळाचा नकाशा

मेंढपाळ म्हस्कूआबा देवकाते मूळचे लोणी भापकरचे, एवढं मोहनरावांना ठाऊक होतं. आबांची बायको कधी वारली, मुलगा कुठं असतो, ही साधी चौकशीही त्यांनी सहा वर्षांत केली नव्हती. विचारलं ते फक्त जनावरांबद्दल. त्यामुळं आबांची हकिकत सांगायचा त्यांना अधिकार किती, हा प्रश्नच आहे.

मोहनराव वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये एकटे राहत आणि ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढत. शनिवारी संध्याकाळी ते आलेखाच्या कागदावर दुसऱ्या दिवशीची सहल आखायचे. एस.टी. कितीची, टपावर सायकल टाकू देणारा कंडक्टर कोणता, वारा कुठल्या अंगाचा, पाणी किती न्यायचं. मग कधी भिगवणला रोहित पक्षी, कधी माळावर चिंकारा. बरोबर कोणी येत नसे. क्लबात पत्ते कुटणारे त्यांना 'लांडगेसाहेब' म्हणत.

आबांची मेंढरं इंदापूरकडच्या माळावर असत. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं, "सुट्टीच्या दिशी लोक झोपत्यात. तुमी लांडगं हुडकत फिरताय. घरात भांडाण हाय का?"

"भांडायला घरात कोणी नाही, आबा."

"मग बरुबर हाय."

अठ्ठ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत आबांनी त्यांना ओढ्याकाठचं लांडग्याचं एक बीळ दाखवलं. दोघं तासभर पालथे पडून होते. मादी बाहेर आली, मागून चार पिल्लं. एक तिच्या शेपटीला लोंबकळलं, तसं तिनं त्याला पायानं उलथं पाडलं. आबा तोंडावर हात धरून हसत होते.

"तुमची कोकरं नेते ना ही?" मोहनरावांनी विचारलं.

"वर्साला दोन-तीन. त्यो तिचा वाटा हाय. बाकीच्यांना पटत न्हाय. त्यांना ठावं झालं तर आजच्या आज मारतील." आबांनी कनवटीच्या पुडीतला भंडारा काढून मोहनरावांच्या कपाळाला लावला. "बिरोबाची आन हाय. हितलं हितंच ठिवा."

मोहनरावांनी मान डोलावली.

सोमवारी क्लबात मानसिंगनं पत्ते पिसता पिसता विचारलं, "काय लांडगेसाहेब, दिलं का दर्शन लांडग्यानं?" मानसिंग ऊसवाहतुकीचा ठेकेदार, त्याच्याकडं जीप होती. सगळे हसले. सहा वर्षं हसत होते. मोहनराव म्हणाले, "मादी आहे. चार पिल्लं आहेत. येत्या रविवारी चला, दाखवतो." पहिल्यांदाच कोणी पत्ते खाली ठेवले.

त्या आठवड्यात त्यांनी आयुष्यातला सर्वात सुबक नकाशा काढला. फाटा, बाभळ, ओढ्याचं वळण, सायकलच्या चाकाचे फेरे मोजून काढलेलं अंतर, आणि शेवटी एक बारीक काळा गोल. ऑफिसातल्या यंत्रावर त्याच्या दहा प्रती काढल्या. अमोनियाच्या त्या प्रती आठ दिवस उग्र वास मारतात. गुरुवारी त्या क्लबात वाटल्या. मानसिंगनंही एक घेतली.

रविवारी टेम्पोतून सातजण आले. बरोबर पुऱ्या, बटाट्याची भाजी, दुर्बीण. "मी पुढं होऊन बघतो," असं सांगून मोहनराव एकटेच ओढ्याकडं गेले.

बिळाच्या तोंडाशी अर्धवट जळालेला कडबा होता. मिरचीचा ठसका अजून हवेत होता. चारही पिल्लं ओळीनं निजवलेली होती आणि आबा शेजारी बसून माश्या हाकत होते.

"आज पहाटं जीपमधनं चौघं आलं. धूर केला. भाईर आली तशी काठीनं हाणली. मी धावस्तवर झालं होतं. आई तेवढी ऱ्हायली." आबांनी चुरगळलेला कागद पुढं केला. "ह्यो त्यांचा पडला. काय लिवलंय बगा."

मोहनरावांनी स्वतःचं अक्षर पाहिलं.

"कंपनीतला कसला तरी कागद दिसतोय," ते म्हणाले.

आबांनी कागद परत घेऊन नाकाशी धरला. "तुमच्या अंगाला येतो त्योच वास हाय."

"कंपनीत सगळ्यांनाच येतो, आबा."

तेवढ्यात मागून बोलणी ऐकू आली. कंटाळून सातही जण आले होते. प्रत्येकाच्या हातात तोच कागद होता. आबांनी एकेकाच्या हाताकडं पाहिलं, मग मोहनरावांच्या कपाळाकडं. आबा पिल्लं पुरायला उठले. सातजणांनी बाभळीखाली पुऱ्या खाल्ल्या. मोहनरावांनाही दोन वाढल्या आणि त्यांनी त्या खाल्ल्या.

पिसाळल्यासारखी झालेली मादी पुढच्या पंधरवड्यात आबांच्या कळपात सहा वेळा शिरली. खात नव्हती, नुसती फाडत होती. एकवीस मेंढरं गेली. "लांडगीण तूच पोसलीस," म्हणत बाकीच्या मेंढपाळांनी आबांना आपल्यातून काढलं. एकट्या म्हाताऱ्याला कळप राखता येत नाही. उरलेली मेंढरं विकून आबा सांगवीला पुतण्याच्या उसाला पाणी द्यायला राहिले. ही बातमी मानसिंगनंच क्लबात सांगितली, पान लावता लावता.

जूनमध्ये मोहनराव बारामतीच्या स्टँडवर सायकल घेऊन उभे होते. बाकावर आबा दिसले. हातात पिशवी होती, काठी नव्हती. जन्मभर माळ पायी तुडवलेल्या माणसाला त्यांनी एस.टी.ची वाट बघताना पहिल्यांदाच पाहिलं. सगळं सांगून टाकावं म्हणून मोहनराव जवळ गेले. आबांनी वर पाहिलं.

"मोहनराव, सांगवीची गाडी कितीला हाय?"

"सव्वापाचला. चार नंबरला लागते, आबा."

"बरं."