आत्याला बदलायचं का?

जगात विश्वास ठेवण्याजोगी एकही गोष्ट नाही, असं मनापासून मानणारा माणूस कुणाला पाहायचा असेल, तर मी त्याला माझ्या साडूंखेरीज दुसरा दाखवू शकणार नाही. आणि हा माणूस राहत कुठे होता, तर आमच्यासारखाच सिंगापूरला; जिथे लोक हॉकर सेंटरमध्ये टेबलावर मोबाइल ठेवून खुशाल जेवण आणायला जातात आणि परत येईपर्यंत मोबाइल जागचा हलत नाही. साडूंना हे फार खटकायचं. "मोबाइल कोणी उचलत नाही, म्हणजे कोणीतरी लक्ष ठेवून आहे," ते म्हणायचे, "आणि लक्ष ठेवून आहे म्हणजे त्याचा काहीतरी हेतू आहे." पाया लेबार भागातल्या त्यांच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या जाळीच्या दाराला तीन कुलपं होती. तिसऱ्याची किल्ली कुठे असते हे माझ्या मेहुणीला, म्हणजे त्यांच्या सख्ख्या बायकोलाही, ठाऊक नव्हतं. एकदा सकाळी सवयीने बाहेरून तिन्ही कुलपं लावून ते कामावर गेले. बिचारी दिवसभर घरात अडकून पडली आणि शेजारच्या चिनी आजींनी जाळीतून तिला नूडल्स भरवल्या. साडूंनी घरी आल्यावर पहिला प्रश्न विचारला, "त्यांना कसं कळलं तू आत आहेस ते?"

तुआसच्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात ते सुरक्षा इंजिनियर होते. ज्या गुणापायी इतर नवरे घरात बोलणी खातात, त्याच गुणाचा त्यांना पगार मिळायचा. सगळ्यांनी तपासून सह्या केलेला क्रेनचा तारदोर त्यांनी एकदा केवळ "मला त्याचा आवाज आवडला नाही" म्हणून उतरवायला लावला. चारचौघांत त्यांची टर उडाली. मग दोर उकलला, तर आतून गंजून पार सडलेला. त्या क्रेनखाली उभं राहून काम करणारी सहा माणसं संध्याकाळी आपापल्या घरी धडपणी गेली. तेव्हापासून यार्डात त्यांना कोणी हसेना. घरी मात्र आम्ही हसत होतो, कारण घरी क्रेन नव्हती.

त्या काळात एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, स्टेशनांवर संशयास्पद वस्तू दिसल्यास कळवा, अशी सूचना दिवसभर वाजत असे. लाखो लोक ती ऐकत. आपल्यालाच उद्देशून आहे असं समजून ऐकणारे साडू एकटे. एका होळीच्या आदल्या दिवशी स्टेशनवरच्या बाकाखाली त्यांना एक बेवारशी पिशवी दिसली. त्यांनी लगेच स्टेशनचा अधिकारी बोलावला, आजूबाजूच्या माणसांना स्वतः हात पसरून मागे सारलं. पिशवीतून निघालं पितळी पुरणयंत्र. दांडा, चाळणी, स्क्रू, पाहताच कोणाचंही धाबं दणाणावं असं ते प्रकरण! तेवढ्यात दहा पावलांवर तिकिटाच्या यंत्रापाशी उभी असलेली माझी बायको ओरडली, "अहो, ते माझं आहे!" पुढचा पाव तास साडू त्या मलाय अधिकाऱ्याला इंग्रजीत पुरण समजावून सांगत होते. शेवटी तो, वाक्याला 'लाह' जोडायच्या तिथल्या लकबीत, म्हणाला, "ओके अंकल, नेक्स्ट टाइम ब्रिंग मी वन लाह." ह्यात त्याचा काय हेतू असावा, ह्यावर साडू घरापर्यंत बोलत राहिले.

पण त्यांच्या संशयाची खरी परीक्षा पाहिली ती त्यांच्या वडिलांच्या रिव्हॉल्व्हरने.

वडील वनखात्यात रेंजर होते. चोरीचं सागवान घेऊन निघालेला ट्रक त्यांनी पकडला, तेव्हापासून धमक्या यायला लागल्या, आणि घराच्या रक्षणासाठी त्यांनी परवाना काढून ते घेतलं. परतवाड्याच्या टोकाला, वस्ती संपून शेतं सुरू होतात तिथे त्यांनी बंगला बांधला. ते गेल्यावर परवाना साडूंच्या आईंच्या नावावर झाला आणि सत्तरीच्या ह्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई त्या बंगल्यात एकट्या राहू लागल्या. साडूंना सिंगापुरात त्या एका गोष्टीचा आधार वाटायचा. "आईजवळ बाबांचं आहे," एवढंच ते म्हणत, आणि जगात विश्वासाने म्हणत असं हे एकच वाक्य होतं.

दोन हजार सातच्या सुमारास आई तीन महिन्यांसाठी लेकाकडे आल्या. येताना रीतसर ते रिव्हॉल्व्हर अमरावतीच्या एका शस्त्रांच्या दुकानात ठेवून आल्या. परवान्याच्या नूतनीकरणाचं वर्षही तेच होतं. थोड्याच दिवसांत दुकानदाराचा फोन आला: वस्तू फार जुनी झाली, हिच्या गोळ्याही आता मिळत नाहीत, ही देऊन टाका आणि नवी घ्या.

झालं! साडूंनी फाईल उघडली. ठेवायचं की बदलायचं? जुन्याच्या बाजूने एक पान, नव्याच्या बाजूने एक पान, आणि दुकानदाराच्या हेतूंबद्दल अकरा पानं. सिंगापुरात बंदुकीच्या बाबतीत कायदा किती कडक आहे हे तर त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. फोनवर तो शब्द उच्चारला तरी पोलीस लिफ्टने वर येतील अशी त्यांची खात्री होती. म्हणून त्यांनी सांकेतिक नाव ठेवलं: आत्या. मी बुओना व्हिस्टाला ऑफिसात मीटिंगमध्ये असताना त्यांचा फोन यायचा, "आत्याला बदलायचं का, काय वाटतं तुम्हाला?" कधी, "आत्याच्या तोंडाशी गंज असेल का हो?" त्यांच्या मुलीला नाशिकला एक खरीखुरी, तिची फार लाडकी आत्या होती. एका संध्याकाळी ती पोर रडत माझ्या बायकोकडे आली. "मावशी, बाबा वॉन्ट टू चेंज आत्या! ओल्ड झाली म्हणून! कॅनॉट लाह!"

मी एकदा सुचवून पाहिलं की आत्याला सरळ निरोप द्यावा. साडूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मला विचारलं, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

त्यानंतर दुकानदाराचा दुसरा फोन आला आणि प्रकरणाला वेगळंच वळण लागलं. तो म्हणाला, "साहेब, खरं सांगतो, गोळीवर आपटते ती घोड्याची सुई घासलेली आहे. ही वस्तू चालणारच नाही. माताजींना विचारून पाहा." साडूंनी आईंना काही विचारलं नाही. त्यांना सगळा उलगडा झालाच होता. आपल्याला नवं घ्यायला लावण्यासाठी ह्या माणसाने आपल्या वडिलांची वस्तू मुद्दाम बिघडवली! त्यांनी पोलीस अधीक्षकांच्या नावे चार पानी तक्रार लिहिली. दुकानाचा परवाना रद्द करून त्याच्यावर गुन्हा दाखल करावा, अशी मागणी होती. माझं मराठी बरं म्हणून शुद्धलेखन तपासायला त्यांनी मला रविवारी दुपारी घरी बोलावलं. पाकिटावर पत्ता घालून तयार होता.

आई जेवणाच्या टेबलाशी मेथी निवडत बसल्या होत्या. मी मोठ्याने वाचत होतो, "सदर दुकानदाराने आमच्या वडिलांच्या शस्त्राच्या घोड्याची सुई हेतुपुरस्सर कानशीने घासून..."

मेथीवरचे हात थांबले. "काय घासलं म्हणते तो?"

"सुई," साडू म्हणाले. "बाबांच्या हातात होती तोवर चालत होती. ह्याच्या ताब्यात गेली आणि सुई गेली. मग कोणी घासली?"

"मी," आई म्हणाल्या.

साडूंनी माझ्या हातातल्या पानावर बोट ठेवून तीच ओळ पुन्हा वाचली.

"त्या माणसानं काही केलं नाही रे. उगाच त्याच्या पोटावर पाय नको देऊ." त्यांनी मेथीची जुडी बाजूला सारली. "तू नागपूरला दुसऱ्या वर्षाला होतास. कळवलं नाही, काही नाही, भरदुपारी आलास. फाटकाला आतून कुलूप, म्हणून मागच्या भिंतीवरून उडी मारलीस. तुझे बाबा स्वयंपाकघराच्या खिडकीत उभे होते. त्या आठवड्यात पुन्हा एक चिठ्ठी आली होती धमकीची. त्यांना वाटलं, आलेच ते लोक. मी तुला शर्टावरून ओळखलं. पण मी ओरडायच्या आत त्यांनी चाप ओढला."

साडू खुर्ची ओढून आईंसमोर बसले.

"टक् झालं नुसतं. गोळी सर्दावलेली होती." आईंनी डोळ्यांना पदर लावला नाही, वर्गात धडा सांगावा तशा त्या सांगत होत्या. "तू आत आलास आन् म्हणालास, आई, भूक लागली. मी तुला वाढलं."

"बाबा त्या दिवशी जेवले नव्हते," साडू अगदी हळू म्हणाले. "न्हाणीघराचं दार लावून बसले होते. मला वाटलं, न सांगता आलो म्हणून रागावलेत."

"दुसऱ्या दिवशी कानस त्यांनीच आणली. पण त्यांना जमेना, हाती घेत आणि खाली ठेवत. मग मी परसात बसून घासली. दोन दुपारी लागल्या. ते म्हणाले, लोकांना वाटू दे आपल्याजवळ आहे म्हणून. आणि मग मरेपर्यंत दर आठवड्याला तिला तेल देत राहिले."

मला राहवलं नाही. "आणि आई, तुम्ही एवढी वर्षं त्या टोकाच्या बंगल्यात, न चालणारी वस्तू उशाशी घेऊन झोपत होता?"

"बाप्पा! चालत नाही हे माहीत होतं म्हणून तर झोप लागायची," त्या म्हणाल्या आणि पुन्हा मेथी निवडू लागल्या.

साडूंनी माझ्या हातातली चार पानं घेतली, घडी घातली, मग घडीची घडी घातली, आणि ती एवढीशी झाल्यावर ती कुठे ठेवायची हे न सुचून मुठीत धरून गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेलो. हा माणूस आयुष्यभर सगळ्या जगावर नजर ठेवून होता, आणि ज्या एका खिडकीकडे पाहायचं राहिलं ती त्याच्या स्वतःच्या घराची होती. खाली रस्त्याकडे पाहत ते म्हणाले, "बाबांनी त्यानंतर मला कधी रागावून हाक मारली नाही. मला वाटायचं, मी मोठा झालो."

महिन्याअखेरीस ते रजा टाकून आईंबरोबर गेले. अमरावतीच्या त्या दुकानदाराची त्यांनी माफी मागितली. कशाबद्दल, हे त्या भल्या माणसाला कळलंच नाही, कारण तक्रार त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती. परवाना परत केला, वस्तू सरकारजमा केली. सिंगापूरला चला, हे आईंनी ऐकलं नाही. मात्र बंगल्याच्या वरच्या खोल्या त्यांच्या जुन्या शाळेतल्या दोन शिक्षिकांना राहायला दिल्या. त्या दोघींचा हेतू काय असावा, ह्यावर साडूंनी परत आल्यावर मला तीन फोन केले. ते ऐकून मला फार बरं वाटलं.

एक फरक मात्र पडला. त्यानंतर ते कुणाच्याही घरी न सांगता गेले नाहीत. निघताना फोन, स्टेशनवर उतरल्यावर फोन, आणि आमच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं रे उघडलं की तिथूनच खणखणीत आवाजात, "मी आहे हो! मी येतोय!" सगळ्या मजल्याला कळायचं. शेजारचे तमिळ आजोबा तर जाळीतूनच, "कम, कम," म्हणायचे. आम्ही दोघं हसायचो, पण हसता हसता मी उठून दार उघडून उभा राहत असे, त्यांना शेवटची दहा पावलं एकट्याने यावं लागू नये म्हणून.

मुलीच्या शिक्षणासाठी ती मंडळी पुढे पर्थला गेली. आईही आता नाहीत. साडूंचे फोन येतात, तिथल्या कांगारूंविषयी त्यांना बऱ्याच शंका आहेत. इकडे संध्याकाळी आमच्या मजल्यावर लिफ्ट थांबते, पावलं आमच्या दारापर्यंत येतात, आणि काही न बोलता पुढे निघून जातात.