दाराकडे बघणारे गणपती

मालतीबाईंना पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी त्यांना गिऱ्हाईक समजलो. बाई, छोट्या मूर्ती आत आहेत, म्हटलं. त्या म्हणाल्या, "मूर्ती नको, मला नमिता हवीय." आणि रंगाचा रिकामा डबा उलटा करून त्यावर बसल्यासुद्धा! मी कोण, कारखाना कुणाचा, काही विचारणं नाही.

तर मी पोपट. पेणजवळ जोह्याला माझा गणपतीचा कारखाना आहे. नमिता माझ्या भावाची, नाथाची पोरगी. आमच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी तीच करते. आखणी म्हणजे भुवई, पापणी, बुबुळ. ती सगळ्यात शेवटी होते आणि एका मालाला एकाच माणसाचा हात लागतो, नाहीतर रांगेतले गणपती एकमेकांचे कुणी लागत नाहीत. आधी हे काम माझं होतं. पण गिऱ्हाईक येऊन "त्या पोरीच्या हातचे द्या" म्हणायला लागलं, तेव्हा मी गपगुमान ब्रश खाली ठेवला. राग आला होता, खोटं कशाला बोलू?

ही नमिता पेणच्या सरकारी कॉलेजात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. सगळ्या विषयांत पास, फक्त अर्थशास्त्रात दोनदा गचकली. नाथाने सांगून टाकलं, "या खेपेला नाय झाली तर कॉलेज बंद, स्थळ बघतो." पोरीला व्हायचं होतं शिक्षिका. आणि फेरपरीक्षा आली नेमकी आमच्या सीझनमध्ये, जेव्हा आम्हाला जेवायला फुरसत नसते. पोरगी कॉलेजात जाणार कधी?

म्हणून कॉलेजच आलं. मालतीबाई तिथे विद्यार्थी मदत केंद्र चालवायच्या. घरात पहिल्यांदाच कुणी शिकतंय अशा पोरांचे जादा तास घ्यायचे, त्यांना पुस्तकं द्यायची, रडली तर समजूत काढायची, हे त्यांचं काम. पण केंद्रात बसून राहतील त्या मालतीबाई कसल्या! राहायला वरशाला, रोह्याजवळ. तिथून गाडीने पेण, पेणहून एसटीने जोहे. कासूचा एक पोरगा कंपनीत शिफ्ट करायचा, त्याला म्हणे स्टेशनच्या बाकावर बसवून शिकवलं आणि पास केलं.

बाईंची एक खोड होती. शिकवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघितल्याशिवाय त्यांचं पुढचं वाक्यच निघायचं नाही. "नमिता, माझ्याकडे बघ. कळलं का?" डोळ्यांत कळल्यासारखं दिसलं तरच पुढे. नाहीतर परत पहिल्यापासून. दिवसभर माझ्या कानाशी हेच. माझ्याकडे बघ, माझ्याकडे बघ!

एकदा मी मधे तोंड घातलं. म्हटलं, "बाई, मागणी वाढली की भाव वाढतो, ह्याला कालेज कशाला पायजे?"

"बरं, तुम्ही भाव वाढवलात की तुमची मागणी कुठे जाते?"

"हमरापूरला," माझ्या तोंडून निघून गेलं. हमरापूर म्हणजे शेजारचं गाव, तिथेही घरोघरी कारखाने. कारखान्यातली सगळी पोरं फिदीफिदी हसली. बाई म्हणाल्या, "पोपटराव, पुढच्या वर्षी तुमचंही नाव घालूया." वर आणि स्वतःच्या डब्यातलं थालीपीठ माझ्या हातावर ठेवलं. भांडावं तरी कसं?

पेपरच्या आदल्या दिवशी दुपारी रोह्याच्या हरेशचा माल तयार झाला. हरेश आमचं जुनं गिऱ्हाईक, पण डोळ्यांच्या बाबतीत महा कटकट्या. त्याचा टेम्पो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होता. मूर्ती ओळीने लावल्या, मी लांब उभा राहून बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. सगळेच्या सगळे गणपती दाराकडे बघत होते! नमिताच्या उजव्या हाताला दार आणि दारात बाईंचा बसायचा डबा. पोरगी ब्रश टेकवायची आणि बाई म्हणायच्या, माझ्याकडे बघ. प्रत्येक बुबुळ बाईंच्या दिशेला सरकलं होतं.

"बाई, तुम्ही माझे देव बिघडवले!" मी ओरडलो. "हे काय गिऱ्हाइकाकडं बघतात? हे तुमच्याकडं बघतात!"

बाई डब्यावरून उठल्या. नमिता रडायलाच लागली. "काका, मी पेपर नाय देत. उद्या बसून सगळे नीट करते."

"चूक माझी आहे, पोपटराव," बाई हळूच म्हणाल्या. "पाहिजे ते बोला मला. पण तिला पेपरला जाऊ द्या."

"तुम्ही घरी जा," एवढंच म्हणालो मी. त्या गेल्या. छत्री विसरून गेल्या.

सकाळी नमिता बघते तर मी तिच्या जागेवर बसलेलो, चष्मा चढवून, हातात तिचाच बारीक ब्रश. "इथं काय करतेस गो? एसटी चुकंल. हो पुढं!"

"पण काका, तुमचा हात आता पहिल्यासारखा नाय..."

"माझ्या हाताचं मी बघतो. तू बाईंकडं बघ आणि पेपर देऊन ये."

दिवसभर बुबुळं पांढरी करायची, वाळली की मधोमध आखायची. मनगट दुसऱ्या हाताने धरून काम केलं. मान मोडली पार. पण काय सांगू, कितीतरी वर्षांनी डोळे काढत होतो. मजा आली हो! हरेशने संध्याकाळी माल निरखून बघितला आणि म्हणाला, "पोपटशेठ, औंदा डोळे जरा वयस्कर वाटतात." म्हटलं, देव हाय, वय असणारच. घेऊन गेला.

गणपतीच्या चार दिवस आधी निकाल लागला. नमिता पास! नाथाने गल्लीभर पेढे वाटले, जणू स्थळाचं नाव त्याने कधी काढलंच नव्हतं. मी बाईंना फोन केला. म्हटलं, तुमची छत्री पडून आहे, न्यायला या आणि आमच्या गणपतीला पाया पडा.

गणपतीच्या दिवशी बाई घरी आल्या, सवयीने थेट दाराकडे बसायला गेल्या. मग थबकल्या.

मखरात बसलेला आमचा गणपती दाराकडे बघत होता. त्या मालातली ती एक मूर्ती मी तशीच ठेवली होती, घरच्यासाठी.

"अहो, ही एक राहिली वाटतं तुमची," बाई म्हणाल्या.

"राहिली नाय, ठेवली. बसा तिथंच. सगळा पावसाळा माझ्याकडे बघ, माझ्याकडे बघ करत होतात ना? बघतोय तो."

बाई हसायला लागल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला आणि तसाच धरून ठेवला. नमिता मोदकाचं ताट घेऊन उभी होती. "बाई, माझ्याकडे बघा," ती म्हणाली. "कळलं का?"