पाठवणीच्या धुनेसाठी वर्गणी

अब्बांनी आयुष्यभर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं. बारामतीपासून इंदापूरपर्यंत सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. नवरी निघाली की ते एक धून वाजवायचे. ती त्यांची स्वतःची होती, कुठल्या सिनेमातली नव्हे. ती कुणी लिहून ठेवली नव्हती, नीट रेकॉर्डही केली नव्हती. मग त्यांच्या फुप्फुसांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, वाजवायचं ते या हिवाळ्यापर्यंत वाजवून घ्या. मला घाई झाली. पुण्याच्या स्टुडिओत चांगल्या माइकसमोर ती धून एकदा उतरवायची, एवढंच डोक्यात बसलं.

तो खर्च माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या पगारात बसणारा नव्हता. क्लासमधल्या एकाने क्राउडफंडिंग सुचवलं. वेबसाइटवर आपलं पान उघडायचं, काय करायचंय ते सांगायचं, लोक जमेल तेवढे पैसे टाकतात. महिन्याभरात ठरलेली रक्कम जमली नाही तर ज्याचे त्याला परत. मी अब्बांना सांगितलं आणि ते भडकले.

"वर्गणी जत्रंची आसती, उरसाची आसती. माझी कसली वर्गणी? मी कुणाफुडं हात पसरलाय व्हय? मागायचंच आसल तर मी गेल्यावर माग."

मीही त्यांचीच लेक. न विचारता पान उघडलं. फोटो निवडला तो एका सत्कारातला. गळ्यात झेंडूचा भला मोठा हार होता, पण त्यात ते हसत होते म्हणून मला आवडायचा. पंधरा दिवस पानावर शुकशुकाट. शेवटी मी लिंक पणदरे, वडगाव निंबाळकर, सोमेश्वरनगर, जिथे जिथे ओळख होती तिथल्या गावच्या ग्रुपवर टाकायला लावली. मोबाइलवर लिंकखाली दिसत होता फक्त तो फोटो आणि मी मोठ्या हौसेने लिहिलेल्या मथळ्याचा पहिला तुकडा, 'मास्तरांच्या आठवणी जपण्यासाठी'. आमच्याकडे सकाळी सकाळी ग्रुपवर हारातला फोटो आला की पुढचं कुणी वाचत नाही. दुपारपर्यंत श्रद्धांजलीचे मेसेज येऊन पडले. आणि त्यांच्याबरोबर पानावर पैसेही.

मी लगेच चूक दुरुस्त केली नाही, हे सांगायला आजही लाज वाटते. पैसे येत होते. संध्याकाळी खुलासा करू, असं मी मनाला समजावलं.

संध्याकाळच्या आधीच वडगावचे तिघं जण उतरलेल्या चेहऱ्यांनी दारात जीपमधून उतरले. अब्बा पायरीवर बसून चहा पीत होते. तिघं रस्त्यातच थबकले.

"मास्तर, तुमी हायसा व्हय?" त्यांच्यातले वयस्कर तात्या कसंबसं म्हणाले.

"हाय की. या, च्या घ्या."

तात्यांनी मोबाइल पुढे केला. अब्बांनी आपला फोटो बराच वेळ पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. पाहुणे गेल्यावर एवढंच म्हणाले, "काय काय लिवलंय लोकांनी, वाच."

मी घाबरत घाबरत वाचायला लागले. पणदऱ्याच्या एका बाईने लिहिलं होतं, 'माझ्या पाठवणीला वडील नव्हते. जीप फाट्यावर वळेपर्यंत मास्तर मागून चालत वाजवत होते.'

"निळी जीप हुती," अब्बा म्हणाले. "फुडं वाच."

त्यांनी सगळे मेसेज वाचून घेतले. कुठलं लग्न, कुठला मांडव, सगळं त्यांना आठवत होतं. शेवटी उपरण्याने तोंड पुसलं. "ह्यास्नी सांग, मी जिता हाय. पैसं माघारी पायजे आसतील तर घिऊ देत. ठिवलं, तर मी वाजवीन."

चहा पिणाऱ्या अब्बांचा व्हिडिओ काढून मी माफी मागितली. बोलणी पोटभर खाल्ली. पैसे मात्र एकानेही परत मागितले नाहीत. तात्यांनी तर पुन्हा टाकले. "त्ये मयताचं हुतं," फोनवर म्हणाले, "ह्ये जित्याचं."

स्टुडिओत अब्बांनी दोनदा सुरुवात केली आणि दोनदा अर्ध्यावर सोडलं. रेकॉर्डिंग करणाऱ्याला वाटलं, दम लागला.

"दम हाय अजून," अब्बा म्हणाले. "पर म्होरं कुणी निघालंच न्हाय. भिंतीकडं बघून पाठवणी वाजती व्हय?" मग माझ्याकडे वळले. "तू निघ. दारातनं जा, सावकाश. मागं बघू नगं."

दाराचा आवाज मध्ये येईल, असं रेकॉर्डिंग करणारा म्हणाला. अब्बा म्हणाले, येऊ द्या.

माझ्या लग्नात त्यांनी वाजवलं नव्हतं. इंदापूरचा बँड सांगितला होता आणि माझ्या रुखसतीच्या वेळी स्वतः मांडवामागे भांडी आवरत बसले होते. सगळ्या गावांच्या लेकींसाठी वाजवणारा माझा बाप माझ्यासाठी वाजवत नाही, हे मला इतकी वर्षं लागून राहिलं होतं. मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

मी उठले. धून सुरू झाली. खोली लहान होती, दार सात-आठ पावलांवर, पण मी एकेक पाऊल सावकाश टाकत गेले. दाराशी पोचले तेव्हा अब्बा वरच्या सुराला लागले होते. मी बाहेर पडले, दार मिटलं आणि आवाज एकदम बंद झाला. स्टुडिओचं दार ते. आत धून चालू होती आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. दोन लेकरांची आई मी, भिंतीला टेकून हुंदके देत उभी राहिले. दार उघडावं असं फार वाटलं. उघडलं नाही.

बऱ्याच वेळाने रेकॉर्डिंग करणारा बाहेर आला.

"पूर्ण झालं," तो म्हणाला. "ते विचारतायत, पोरगी रडली का म्हणून."