आत्याबाईंच्या गोळ्यांची चंची आणि दिल्लीचं विमान

बोरीहून एसटीने निघालो तेव्हा माझ्या कमरेला चंची (पानसुपारीची कापडी पिशवी) खोचलेली होती. तिच्यात पान-सुपारी नव्हती, आत्याबाईंच्या (सासूबाईंच्या) हृदयाच्या गोळ्या होत्या. माझे दीर दिल्लीला नोकरीला आहेत. तिथल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलं. रेल्वेत दोन दिवस बसणं आत्याबाईंना झेपणार नाही, म्हणून भावजींनी विमानाची तिकिटं पाठवली. कोणती गोळी कधी द्यायची हे घरात मलाच ठाऊक, म्हणून सोबत मी. एरवी जिंतूरच्या बाजारात भाव विचारायलाही मी नणंदेला पुढे करते.

जिंतूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "गोळ्या मोठ्या बॅगेत टाकू नका, हाताशी ठेवा. एक वेळ जरी चुकली तरी पुन्हा दम लागेल." खोकी जागा खातात, म्हणून मी सगळी फोडली आणि चंचीच्या चार कप्प्यांत गोळ्या भरल्या. डॉक्टरांची चिठ्ठी मात्र नीट घडी करून मोठ्या बॅगेत, लुगड्यांच्या खाली ठेवली. तेव्हा मला ती मोठी हुशारी वाटली.

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनामुळे एसट्या कधी थांबतील याचा नेम नव्हता, म्हणून एक दिवस आधीच औरंगाबादला जाऊन ओळखीच्यांकडे उतरलो. दुसऱ्या दिवशी विमानतळ पाहिला. फरशी इतकी स्वच्छ, की आत्याबाई दारातच चपला काढायला लागल्या. एका माणसाने आमची बॅग काट्यावर ठेवली आणि आत नेली.

पुढे पडद्याआड बायांची झडती होती. खाकी साडीतल्या पोलीस बाईने चंची उलगडली आणि तिच्या भुवया चढल्या.

"नाव न्हाई, खोकं न्हाई. चिठ्ठी कुठाय?"

"ब्यागेत."

"आन् ब्याग?"

मी विमानाच्या दिशेने बोट दाखवलं.

"मग ही चंची हितंच ऱ्हाईल."

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागले. आत्याबाईंनी कोपराने ढोसलं. "बोल की बये! का तोंडात गोळी धरून बसलीस?"

पोलीस बाई आत्याबाईंना म्हणाली, "औषध हाय म्हंता, तर एक खाऊन दाखवा."

"त्यात काय, आत्ता खाते!" आत्याबाईंनी पिवळी गोळी उचलली आणि तोंडाशी नेली.

मी त्यांचं मनगट धरलं. "टाका ती! येळ झाली न्हाई तिची!"

एवढ्या मोठ्याने मी जन्मात बोलले नव्हते, आणि तेही सासूवर.

"का? इख (विष) हाय का त्यात?" पोलीस बाईने विचारलं.

"इख न्हाई बाई. ही एक वाजताची. मधीच घेतली तर चक्कर येती. ही पांढरी लघवीची, सकाळीच द्यायची, नायतर इमानात सारखं उठाय लागंल. ही अर्धी केलेली झोपताना. आन् ही बारीक जिभंखाली, छातीत दुखलं तरच."

"तिकडं इमान सुटायलंय, आन् तुमाला येळंची पडलीय?"

"इमान जाऊ द्या. गोळी येळंवरच देणार."

ती खळखळून हसली. "माज्या आईला अशी सून भेटली असती तर! जावा. पुढच्या बारीला खोकी फोडू नका." तिने चंचीला तपासणीची कागदी पट्टी बांधून तिच्यावर शिक्का मारला आणि ती माझ्या हातात दिली.

विमानात बाकीचे ढग बघत होते, मी मनगटावरचं यांचं (नवऱ्याचं) घड्याळ बघत होते. बरोबर एक वाजता पाणी मागून घेतलं. आत्याबाई म्हणाल्या, "झाली का येळ, डाक्टरीणबाई?" गोळी गिळून त्यांनी पदराखाली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. वास सुटला तसा शेजारचे गृहस्थ वळून वळून बघू लागले. आत्याबाईंनी त्यांनाही चतकोर दिली.

दिल्लीच्या डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं, तेव्हा भावजी माझ्याकडे बघू लागले. मी सगळं सांगितलं. तपासून डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, हेच औषध असंच चालू ठेवा.

येताना नवी खोकी होती तशीच हाताशी घेतली, वर चिठ्ठी ठेवली आणि झडतीला कोणी विचारायच्या आत पुढे केली.

आता बाया विचारतात, दिल्ली कशी हाय? लाल किल्ला पाहिला, रुंद रस्ते पाहिले, ते सांगते. पण मनातून मला दुसरंच सांगायचं असतं. बोरी ते दिल्ली आणि परत, आत्याबाईंची एकही गोळी चुकली नाही. मी चुकू दिली नाही.